पैजेचा भाव आणि पिकाचा भाव

उद्या काय होणार हे आज कळावे, ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना तर हे वेगळे सांगावयास नको. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवली जातात, पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळे ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत झालेल्या बदलांवरून पाऊस, पीक व देशाचे राजकारण यांविषयीचे भाकीत जाहीर केले जाते. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, असे विवेकवादी कार्यकर्ते सांगतात आणि ते खरेच आहे. तरीही विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातून शेतकरी तेथे येतात. जूनमध्ये कपाशी लावावी की सोयाबीन पेरावे, हा निर्णय त्यांना घ्यावाच लागतो. तो चुकला तर वर्ष वाया जाते. भाकिताची ही भूक पोटाच्या भुकेतूनच आलेली आहे.

अलीकडे भाकिताचा एक निराळा व्यवहार जगभर बोकाळला आहे. त्याला इंग्रजी जाणणारे लोक 'प्रेडिक्शन मार्केट' म्हणतात; आपण त्याला भाकितबाजार म्हणू. आपल्या देशात तो 'ओपिनियन ट्रेडिंग' या सोज्वळ नावाने आला. निवडणूक कोण जिंकणार, अमुक फलंदाज पन्नास धावा करणार का, चीन व जपान यांच्या खेळाडूंमधील टेबल टेनिसचा सामना कोणाकडे जाणार, अशा कोणत्याही प्रश्नावर तेथे पैसे लावता येतात. ज्याने आयुष्यात टेबल टेनिसचे टेबल पाहिलेले नाही, असा तरुणही हातातल्या मोबाइलवरून त्या सामन्याच्या 'बाजारात' उतरू शकतो. बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेलगतच्या धाडसारख्या गावातही ही सोय पोहोचली, कारण तिला रस्ता लागत नाही, वीजही फार लागत नाही. फक्त मोबाइलची घंटी वाजावी लागते.

हा बाजार आहे की मटका, हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर देताना धाडच्या शेतकऱ्यासमोरच्या एका दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आपोआप द्यावे लागते.

भाव म्हणजे काय

या व्यवहाराची रीत प्रथम समजून घेऊ. समजा, एका आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस सामन्यावर दहा रुपयांचा सौदा आहे. पहिला खेळाडू जिंकेल असे म्हणणाऱ्याने सहा रुपये द्यावयाचे, हरेल असे म्हणणाऱ्याने चार. निकाल लागला की ज्याचे म्हणणे खरे ठरले त्याला दहा रुपये, दुसऱ्याला शून्य. मधली कंपनी आपले कमिशन कापून घेणार. सौदा चालू असताना भाव खालीवर होतो व आपली बाजू दुसऱ्याला विकूनही टाकता येते. सहा रुपये हा भाव म्हणजे त्या खेळाडूच्या विजयाची शक्यता साठ टक्के आहे, असा सर्व सौदेकऱ्यांचा एकत्रित अंदाज होय, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात.

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १९०७ साली प्लिमथच्या जत्रेतील एका बैलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या बैलाचे मांस किती भरेल, याचा अंदाज पैसे देऊन लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहिला होता. गाल्टनने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यांतील मधला अंदाज १,२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड. एकेकट्याचा अंदाज चुकत होता, पण सर्वांचा मिळून झालेला अंदाज एका टक्क्याच्या आत बरोबर आला. पुढे १९४५ साली फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, समाजातील ज्ञान कोणा एका ठिकाणी साठलेले नसते. ते हजारो माणसांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले असते आणि बाजारातील भाव हे तुकडे एकत्र करतो. कथिलाची टंचाई का झाली हे ठाऊक नसतानाही भाव वाढला एवढ्यावरून जगभरचे लोक कथिल जपून वापरू लागतात. १९८८ पासून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने अगदी लहान रकमांचा निवडणूक-बाजार अभ्यासासाठी चालवला; त्याचे अंदाज बऱ्याचदा मतचाचण्यांपेक्षा सरस ठरले. २००८ साली केनेथ ॲरो या नोबेल पारितोषिक विजेत्यासह अनेक अर्थशास्त्रज्ञांनी अशा बाजारांना संशोधनासाठी मोकळीक द्यावी, असे आवाहनही केले होते.

तेव्हा भावातून ज्ञान प्रकट होऊ शकते, हे मान्य करावयास हवे. प्रश्न पुढचा आहे. ते ज्ञान कोणाचे, ते कोणाच्या उपयोगाचे आणि ते मिळवण्यासाठी समाजाने किती किंमत मोजावयाची?

रॅकेटमधील गुपित

टेबल टेनिसचाच दाखला घेऊ. १९५२ साली या खेळाची जागतिक स्पर्धा प्रथमच आशिया खंडात भरली, आणि ती भरली मुंबईत. जपानचा हिरोजी सातो हा चष्मा लावणारा, अंगाने किरकोळ असा खेळाडू पुरुष एकेरीचा विजेता ठरला. त्याच्या रॅकेटवर स्पंजचा जाड थर होता. तोवर चेंडू रॅकेटवर आपटल्याचा आवाज ऐकून प्रतिस्पर्धी फटक्याचा अंदाज घेत असत. सातोच्या रॅकेटचा आवाजच येत नव्हता. युरोपातले नामवंत खेळाडू गोंधळून गेले आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातोने अजिंक्यपद नेले. त्या वेळी भाकितबाजार असता तर सातोचा भाव दहा रुपयांत किती पैसे निघाला असता? खरे ज्ञान त्या स्पंजमध्ये होते आणि ते सातो व त्याचे सहकारी यांच्याखेरीज फारसे कोणाजवळ नव्हते.

बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दक्षिण कोरियातील बुसान येथे भारताच्या ऐहिका मुखर्जीने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवले, तेव्हाही ऐहिकाच्या रॅकेटच्या एका बाजूचे वेगळे रबर हेच चर्चेचा विषय झाले. भारत ती लढत ३-२ अशी हरला, पण चीनच्या संघाला घाम फुटला. खेळाची गोडी असते ती या अनिश्चिततेत. ती आधीच मोजून तिचा भाव ठरवल्याने प्रेक्षकाला काही मिळत नाही, खेळाडूला मिळत नाही आणि खेळालाही मिळत नाही.

येथे बैल आणि खेळाडू यांतील मोठा फरक लक्षात घ्यावयास हवा. गाल्टनच्या बैलाला आपल्या वजनावर लोकांनी पैसे लावले आहेत, याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी तो आपले वजन बदलू शकत नव्हता. टेबल टेनिसच्या सामन्यात टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे असतात. अकरा गुणांचा डाव काही मिनिटांत संपतो. एक सर्व्हिस जाळ्यात घालणे म्हणजे अर्ध्या सेकंदाचे काम. ते चुकून झाले की मुद्दाम, हे पंचाला सांगता येत नाही. ज्याच्याजवळ सर्वांत खरी माहिती, त्याच्याच हातात निकाल बदलण्याची शक्ती. अशा ठिकाणी भाव हा सत्याचा आरसा राहत नाही. भावच सत्याला वाकवू लागतो.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. २०२० च्या वसंतात करोनामुळे जगातील मोठ्या खेळांची मैदाने ओस पडली, तेव्हा पैज लावणाऱ्या कंपन्यांनी रशिया व युक्रेनमधील टेबल टेनिसच्या अप्रसिद्ध सामन्यांचा आधार घेतला. लहानशा खोलीत, प्रेक्षकांवाचून, दिवसरात्र सामने चालत आणि ते जगभर दाखवले जात. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात खेळांवरील बाजी मे २०२० मध्ये कायदेशीर झाली. त्या पहिल्या महिन्यातील उलाढालीपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या टेबल टेनिसवर होता. ज्या खेळाडूंची नावेही पैसे लावणाऱ्यांना धड उच्चारता येत नव्हती, त्यांच्यावर हे पैसे लागले. खेळाडूंचे मानधन तुटपुंजे आणि त्यांच्यावर लागलेल्या रकमा प्रचंड, असे झाले की पुढे काय होणार ते सांगावयास ज्योतिषी लागत नाही. संशयास्पद सामन्यांच्या तक्रारी आल्या आणि न्यू जर्सी राज्याला युक्रेनमधील काही स्पर्धांवरील बाजी त्याच वर्षी थांबवावी लागली.

पाऊस, कापूस आणि मटका

मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पावसावर पैजा लागत. ठरलेल्या वेळात छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील इतका पाऊस पडेल की नाही, यावर व्यापारी आणि मजूर सारखेच पैसे लावत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात ही पैज बसत नाही, असे उच्च न्यायालयाने १८८९ साली ठरवल्यावर १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ती बंद करावी लागली. कलकत्त्यात तसाच कायदा १८९७ साली झाला. त्या पैजेचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे: पावसाला लाच देता येत नव्हती.

कापसाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन झाले. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस आणि तेथून जहाजाने लिव्हरपूलला जाऊ लागला; उलट दिशेने तारेवरून तिकडचा भाव खामगावात येऊ लागला. १८७५ मध्ये मुंबईत कापसाच्या वायद्यांचा संघटित व्यवहार सुरू झाला. भाव उद्या पडेल या भीतीने ज्याची झोप उडाली आहे, त्याने आजच ठराविक भावाने पुढच्या महिन्याचा माल विकून टाकावा आणि निश्चिंत व्हावे, हा वायद्याचा मूळ हेतू. त्यात सट्टेखोर शिरले, बाजार कोंडले गेले, अनेक घरे बुडाली, हे सर्व खरे आहे. तरीही मुळाशी कापसाची गाठ होती आणि त्या गाठीमागे शेतकरी होता.

पुढे त्याच तारेवरच्या आकड्यांना दुसरा पाय फुटला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीच्या आणि अखेरच्या भावांचे आकडे मुंबईत येत, त्यांवर पैसे लागू लागले. भाव चढला की उतरला, याच्याशी या मंडळींना कर्तव्य नव्हते. आकडा कोणता आला एवढेच हवे होते. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते आकडे येणे बंद झाले तेव्हा धंदा थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि त्यानंतर रतन खत्री यांनी, आकडा मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून व पत्त्यांतून काढण्याची रीत बसवली. कापूस गेला, मटका राहिला. गिरणगावातील कामगाराच्या पगारातून आणि पुढे खेड्यापाड्यांतील पानपट्टीवरच्या चिठ्ठ्यांतून तो कित्येक दशके चालला.

एकाच भावाचे दोन उपयोग कसे होतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शोधून सापडणार नाही. पूर्ण भावात वऱ्हाडच्या शेतकऱ्याची, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची आणि मिसिसिपीच्या पावसाची माहिती सामावलेली होती. त्याच्यातून वेगळ्या काढलेल्या एका आकड्यात कसलीही माहिती नव्हती.

वर्गातला एक प्रश्न

वायदेबाजाराचा धडा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, सोयाबीनच्या वायद्यात उद्याच्या भावावर पैसे लावतात आणि मॅचच्या सौद्यात उद्याच्या निकालावर. मग एकाला व्यापार म्हणायचे आणि दुसऱ्याला जुगार, असे का?" प्रश्न सरळ होता आणि त्याला नीतीचा उपदेश हे उत्तर नव्हते.

नीतीच्या बाबतीत सरकारची बाजू तशी लंगडीच आहे. १९६९ पासून महाराष्ट्र शासन स्वतः लॉटरीची तिकिटे विकत आले. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य असते, म्हणून ती जुगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. पैजेचा करार न्यायालयात वसूल होत नाही, हे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते. पण असा करार निरर्थक असला तरी बेकायदा नव्हे, असा १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. कायद्याच्या या जंगलात कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते, याचा शोध घेणारे वकील श्रीमंत झाले. समाजाला स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

अर्थशास्त्राची कसोटी त्याहून सोपी आहे. सौदा होण्यापूर्वी जोखीम होती काय? धाडच्या शेतकऱ्याने जूनमध्ये सोयाबीन पेरले, त्या क्षणी ऑक्टोबरच्या भावाची जोखीम त्याच्या डोक्यावर बसली. ती त्याने मागून घेतलेली नाही. वायदा ही जोखीम त्याच्या डोक्यावरून उचलतो आणि ती पेलण्याची ऐपत व इच्छा असलेल्या दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. ज्याला आपण सट्टेखोर म्हणतो तो येथे हमालाचे काम करतो. त्याचा नफा ही त्या हमालीची मजुरी होय. टेबल टेनिसच्या सामन्यात मात्र सौदा होईपर्यंत त्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर काहीच नव्हते. चीनचा खेळाडू जिंको की जपानचा, त्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून नव्हती. सौद्याने जोखीम हलवली नाही; जेथे ती नव्हती तेथे नव्याने निर्माण केली.

शेती म्हणजेच पावसाचा जुगार, असे वाक्य आपण सहज बोलतो. ते शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश आहे. म्हणजे त्या काळीही द्यूत आणि कृषी यांतील भेद लोकांना कळत होता. जुगारी अनिश्चिततेच्या मागे धावतो. शेतकऱ्याच्या मागे अनिश्चितता लागलेली असते.

जोखीम निर्माण करणाऱ्या बाजाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा, शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे एकूण दहा हजार रुपये, घेऊन आपसांत सौदे सुरू केले. सारे सारख्याच बुद्धीचे आहेत आणि कंपनी प्रत्येक फेरीला लागलेल्या रकमेचे फक्त पाच टक्के कमिशन घेते. सर्व रक्कम वीस वेळा फिरली की त्या शंभर जणांच्या खिशांत मिळून सुमारे ३,५८५ रुपये उरतील. उरलेले ६,४१५ रुपये कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही. ते कमिशनात झिरपून गेले. टेबल टेनिसचे सामने पंधरावीस मिनिटांना एक असे चालू असले की वीस फेऱ्यांना एक दिवसही पुरतो. कोणी तरी जिंकल्याच्या बातम्या गावात फिरतात. झिरपलेल्या रकमेची बातमी कोणी देत नाही.

एक दार बंद, दुसरेही बंद

एप्रिल २०२५ मध्ये 'सेबी'ने जाहीर इशारा दिला की, ओपिनियन ट्रेडिंग चालवणाऱ्या कंपन्या शेअर बाजार नव्हेत आणि त्यांच्या व्यवहारांना गुंतवणूकदाराचे कोणतेही संरक्षण नाही. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूला सारला. असा व्यवसाय चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानले नाही, हे शहाणपणाचे झाले. सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावत होते, असा सरकारचा अंदाज होता. अमेरिकेत याच सुमारास उलटी गंगा वाहिली. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर पॉलिमार्केटसारख्या ठिकाणी तीन अब्ज डॉलरहून अधिक उलाढाल झाली, आणि २०२५ च्या आरंभापासून काल्शी या कंपनीने खेळांच्या निकालांवरही वायदेबाजाराच्या परवान्याखाली सौदे सुरू केले. पैजेला वायदा म्हटले की ती वायदा होते, असा तो युक्तिवाद आहे.

आपल्या संसदेने तो स्वीकारला नाही, याचे स्वागत करावयास हवे. पण अर्थशास्त्राची जी कसोटी लावून आपण पैजेचे दार बंद केले, तीच कसोटी दुसऱ्या दारालाही लावून पाहिली पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, बिगर-बासमती भात आणि कच्चे पामतेल यांच्या वायदेव्यवहारांना स्थगिती देण्यात आली. महागाईला आळा घालणे हा हेतू होता. एका वर्षासाठी म्हणून आलेली ही स्थगिती वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. म्हणजे २०२२ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंतचा काळ असा गेला की, धाडचा मुलगा परदेशातील टेबल टेनिसच्या सामन्यावर दोन बोटांनी सौदा करू शकत होता आणि त्याच्या बापाला मात्र स्वतःच्या शेतातील सोयाबीनचा सौदा पुढच्या महिन्यासाठी करता येत नव्हता. जेथे जोखीम नव्हती तेथे बाजार होता. जेथे जोखीम होती तेथे नव्हता.

ही जोखीम किती खरी आहे ते आकड्यांवरून दिसते. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात राज्यातील अनेक बाजार समित्यांत माल त्याहून बराच खाली विकला गेला. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला. पण हमीभाव म्हणजे हाती पडणारा भाव नव्हे, हे बाजार समितीच्या आवारात रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ३० मे २०२५ रोजी, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ करण्यात आले व ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली. पैजेचे दार बंद करणारा कायदा त्याच आठवड्यातला. शेतात कपाशीला पाते-फुले लागलेली असताना दिल्लीतील एका अधिसूचनेने तिच्या भावाचे भवितव्य बदलते. हा निकाल कोणत्याही सामन्याच्या निकालापेक्षा धाडच्या घराघरांत अधिक खोल जातो, आणि त्यापासून बचाव करण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते.

वायद्यांमुळे भाव भडकतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच निराधार नाही. साठेबाज व मोठे खेळाडू उथळ बाजार हवा तसा वळवू शकतात. परंतु त्यावरचा उपाय देखरेख, मर्यादा आणि जादा अनामत हा आहे. बाजारच बंद केल्याने भावातील चढउतार बंद होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वायद्याचा किमान सौदा टनांत असतो आणि पाच एकरांच्या शेतकऱ्याचे सारे पीकही अनेकदा तेवढे भरत नाही. त्याला अनामत भरणे आणि रोज भावाचा फरक चुकता करणे झेपणारेही नाही. हे खरे आहे. म्हणूनच एकट्या शेतकऱ्याने वायद्यात उतरावे, असे कोणी म्हणत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांचा माल एकत्र करून त्याच्या किमान भावाचे संरक्षण विकत घ्यावे, त्याचा हप्ता विम्यासारखा भरावा आणि भाव वाढल्यास फायदा सभासदांकडेच राहावा, ही व्यवस्था शक्य आहे. ज्या राज्याने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदीचा एवढा मोठा प्रयोग करून पाहिला आणि २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे एक रुपयात पीकविमा देऊन पाहिला, त्या राज्याला हा लहानसा प्रयोग अवघड वाटू नये.

काय करावयास हवे

बंदीने मटका मेला नाही, हे आपण पाहिले आहे. ऑनलाइन पैजही कायद्याने मरणार नाही. ती परदेशी संकेतस्थळांवर, दुसऱ्याच्या नावावरील बँक खात्यांतून आणि गुप्त गटांतून चालेल. पोलिसांनी त्यांचे काम करावे. त्याबरोबर दोन गोष्टी व्हाव्यात.

पहिली गोष्ट शिक्षणाची. संभाव्यतेचे गणित आपण परीक्षेपुरते शिकवतो. नाणे, फासा आणि पत्ते यांची उदाहरणे सोडवून मुले गुण मिळवतात, पण कमिशन असलेल्या सौद्यात वारंवार उतरणारा सरासरीने हरणारच, हा साधा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वर काढलेला शंभर विद्यार्थ्यांचा हिशेब कनिष्ठ महाविद्यालयातील कोणत्याही मुलाला अर्ध्या तासात समजतो. सोबत गाल्टनचा बैलही शिकवावा. म्हणजे अंदाज बांधण्याची बुद्धी आणि पैसे लावण्याची खुमखुमी यांतला फरक त्यांना कळेल. तरुणांतील अंदाज बांधण्याच्या हौसेला बंदीची गरज नाही. तिला पाऊस, पीक आणि भाव यांचा अभ्यास करण्याकडे वळवता येईल.

दुसरी गोष्ट बाजाराची. सोयाबीनसारख्या पिकांच्या वायद्यांना बंदी व परवानगी यांच्या लंबकावर टांगून ठेवू नये. नियम कडक असावेत, पण ते कायमचे असावेत; सौद्याचा आकार लहान असावा आणि त्याची दारे शेतकरी उत्पादक कंपन्यांना उघडी असावीत. आयातशुल्कात बदल करावयाचाच असेल तर तो पेरणीपूर्वी जाहीर करून हंगाम संपेपर्यंत पाळावा. खेळाचे नियम सामना चालू असताना बदलू नयेत, एवढी शिस्त टेबल टेनिसमध्ये असते. शेतमालाच्या धोरणात ती का नसावी?

भेंडवळला पहाटे जमणाऱ्या शेतकऱ्याला भाकीत हवे असते, कारण पेरणीची जोखीम त्याला टाळता येत नाही. ती जोखीम वाटून घेणारी व्यवस्था त्याला देणे, हे बाजाराचे खरे काम आहे. ते काम करणारा बाजार आपण मोडकळीस येऊ दिला आणि त्याचे सोंग घेऊन आलेला दुसरा बाजार मुलांच्या हाती पोहोचेपर्यंत स्वस्थ बसलो. सोंग आता उतरवले गेले आहे. खऱ्या बाजाराची डागडुजी मात्र अजून बाकी आहे, आणि ती खरिपाची पेरणी होण्याआधी व्हावयास हवी.